नाव आणि ठिकाण : संरचित दस्तऐवजांतील दुवे व परस्परसंदर्भ

ग्रंथ एकामागून एक अशा ओळींनी लिहिला जातो, परंतु त्यातील विषय क्वचितच तसा सरळ रेषेत मांडलेला असतो. पाणी उपसण्याच्या पंपाची देखभाल सांगणाऱ्या एखाद्या पुस्तिकेत गळती थांबवण्याची कृती सातव्या प्रकरणात येते, त्या कृतीआधी वीजपुरवठा तोडण्याची पद्धत दुसऱ्या प्रकरणात असते, लागणाऱ्या सुट्या भागांची यादी परिशिष्टात असते आणि ज्या आकृतीवाचून यातले काहीच नीट समजत नाही ती आकृती चौथ्या प्रकरणात छापलेली असते. या विखुरलेल्या भागांना एकमेकांशी बांधण्यासाठी ‘आकृती ४.२ पाहा’ किंवा ‘भागांची यादी परिशिष्ट ब मध्ये दिली आहे’ असे जे निर्देश लेखक मजकुरात ठेवतो, त्यांना परस्परसंदर्भ म्हणतात. आणि पडद्यावर वाचणाऱ्याला त्या ठिकाणी प्रत्यक्ष नेऊन सोडण्याची सोय अशा निर्देशाला जोडली, की त्याचा दुवा होतो. संरचित खूणप्रणालीत, म्हणजेच मजकुराच्या प्रत्येक भागाला ‘हे प्रकरण’, ‘हे शीर्षक’, ‘हा इशारा’ अशा खुणा लावून तो भाग काय आहे हे नोंदवणाऱ्या लेखनपद्धतीत, हे परस्परसंदर्भ व दुवे कसे निर्माण करावेत, कसे तपासावेत आणि ग्रंथाच्या पुढच्या आवृत्त्यांतून कसे टिकवावेत, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे.

हा विषय संगणकाबरोबर जन्माला आलेला नाही. चौथ्या शतकात सीझरियाचा बिशप युसेबियस याने चार शुभवर्तमानांतील समांतर उतारे क्रमांकांच्या आधारे जोडणारी दहा कोष्टके तयार केली, तेव्हा मजकुराला हात न लावता त्याच्या बाहेर राहून संबंध नोंदवण्याची एक पद्धत सिद्ध झाली होती. इफ्रेम चेंबर्सच्या १७२८ सालच्या कोशात वर्णानुक्रमाने विखुरलेल्या नोंदींना संदर्भांनी पुन्हा विषयवार जोडण्याचा प्रयत्न दिसतो. आणि १७५१ पासून निघू लागलेल्या फ्रेंच विश्वकोशाचा संपादक दनी दिदरो याने तर ‘विश्वकोश’ याच विषयावरील आपल्या नोंदीत संदर्भांचे प्रकार पाडून त्यांची चर्चा केली. शब्दाचा अर्थ पुन्हा सांगावा लागू नये म्हणून दिलेला संदर्भ वेगळा आणि एका मताला दुसऱ्या मताचा आधार किंवा छेद मिळावा म्हणून दिलेला संदर्भ वेगळा, हा त्याने केलेला भेद आजच्या तांत्रिक लेखकालाही उपयोगी पडावा असा आहे. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला, त्यातही नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ या शब्दापुढे संबंधित नोंदींची नावे येतात. खंडाखंडाने निघणाऱ्या वर्णानुक्रमी कोशात असा प्रत्येक ‘पहा’ म्हणजे पुढे कित्येक वर्षांनी छापल्या जाणाऱ्या खंडाविषयी संपादकाने आज दिलेले वचन असते, कारण ज्या नोंदीकडे बोट दाखवले ती त्या वेळी लिहूनही झालेली नसते. परस्परसंदर्भ हे वचन आहे, ही या ग्रंथामागची मूळ धारणा आहे, आणि ते वचन पाळले जाण्याची व्यवस्था कशी लावायची एवढाच प्रश्न तो पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या बाजूंनी विचारतो.

ते वचन मोडते कसे, हे मराठी वाचकाला कायद्याच्या उदाहरणावरून चटकन दिसेल. २६ जानेवारी १९५० रोजी पूर्णपणे अमलात आलेल्या भारताच्या संविधानात ३९५ अनुच्छेद होते, आणि नंतरच्या घटनादुरुस्त्यांनी कितीतरी अनुच्छेदांची भर घातली तरी आजही शेवटचा अनुच्छेद ३९५ हाच आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आलेली मूलभूत कर्तव्ये ५१-क या क्रमांकाखाली बसवली गेली, शिक्षणाचा हक्क २१-क झाला, आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेविषयीचा अनुच्छेद ३१ वगळला तेव्हा त्याची जागा रिकामी राहिली पण ३२ चा ३१ झाला नाही. यामागचे कारण उघड आहे : न्यायालयांचे निवाडे, अन्य कायदे, शासकीय आदेश आणि पाठ्यपुस्तके या सर्वांनी ते क्रमांक धरून ठेवलेले असल्यामुळे क्रमांक सरकवला असता, तर एकाही अक्षराला हात न लावता ते सर्व लेखन चुकीचे ठरले असते. याउलट, १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, तेव्हा कलमांची मांडणी नव्याने झाली. खुनाच्या शिक्षेचे ३०२ हे कलम १०३ झाले, आणि मराठी बोलीत विशेषण होऊन बसलेले ४२० हे कलम ३१८ मध्ये गेले. वकील, पोलीस आणि न्यायाधीश यांना जुन्या-नव्या क्रमांकांची तुलनात्मक कोष्टके जवळ बाळगावी लागली आणि जुने निवाडे वाचताना ती यापुढेही लागतील.

या दोन उदाहरणांत एकच अडचण आहे. क्रमांक दोन कामे करतो : तो वस्तूची ओळख सांगतो आणि त्याच वेळी रांगेतील तिचे ठिकाणही सांगतो. रांग बदलली की ठिकाण बदलते; ओळख मात्र बदलायला नको असते. संविधानाने ओळख वाचवण्यासाठी रांगेची नीटस मांडणी सोडून दिली, न्याय संहितेने मांडणी नीट करण्यासाठी ओळख सोडून दिली. तुकारामांच्या गाथेच्या अभ्यासकालाही ही अडचण ठाऊक असते, कारण निरनिराळ्या छापील गाथांत एकाच अभंगाचे क्रमांक निरनिराळे असतात आणि म्हणून कोणत्या गाथेतील क्रमांक हे सांगितल्यावाचून नुसत्या आकड्याला अर्थ उरत नाही. संरचित खूणप्रणालीचे मोठे देणे हे, की तिने या दोन कामांसाठी दोन वेगळी साधने दिली. ओळखीसाठी एक स्थिर नाव ठेवले आणि ठिकाण दाखवणारा क्रमांक यंत्राने दर वेळी नव्याने मोजावा असे ठरवले.

या विचाराची वाट १९६९ साली सुरू झाली. त्या वर्षी आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लोरी हे तिघे कायदेविषयक दस्तऐवजांच्या संगणकीय हाताळणीवर काम करीत होते, आणि त्यांनी रचलेल्या जीएमएल या खूणभाषेच्या नावातील तीन अक्षरे त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे आहेत. त्या भाषेने अक्षर ठळक करा, जागा सोडा अशा छपाईच्या आज्ञांऐवजी मजकुराचे स्वरूप सांगणाऱ्या खुणा वापरल्या. तिचेच विकसित रूप एसजीएमएल या नावाने १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८८७९, म्हणून स्वीकारले गेले. आणि त्यातील अवजड भाग गाळून १० फेब्रुवारी १९९८ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने एक्सएमएल ही आज सर्वत्र रूढ असलेली भाषा प्रसिद्ध केली. एसजीएमएल आणि एक्सएमएल या दोन्ही भाषांत दस्तऐवज हा घटकांचा बनलेला असतो, घटकाला गुणधर्म जोडता येतात, आणि गुणधर्मांच्या प्रकारांपैकी दोन प्रकार केवळ परस्परसंदर्भांसाठी राखलेले आहेत. पहिला प्रकार ओळखनामाचा, ज्याला व्यवहारात आयडी म्हणतात : असे नाव एका दस्तऐवजात एकाच घटकाला देता येते, दुसऱ्यांदा आले तर तो दोष ठरतो. दुसरा प्रकार आयडीरेफ म्हणजे ओळखनामाच्या निर्देशाचा : त्यात लिहिलेले नाव त्याच दस्तऐवजात कोणत्या तरी घटकाला दिलेले असलेच पाहिजे. पार्सर, म्हणजे दस्तऐवज वाचून त्याची घटकरचना तपासणारी आज्ञावली, हे दोन नियम स्वतः पडताळून पाहते. छापखान्यातील मुद्रितशोधक जे काम प्रत्येक ‘पाहा’पुढचे पान उलटून करीत असे, त्यापैकी निदान ‘असे ठिकाण अस्तित्वात आहे काय’ एवढा भाग यंत्राकडे गेला, ही तांत्रिक लेखनाच्या इतिहासातील फार महत्त्वाची घटना आहे.

या ग्रंथातील बहुतेक उदाहरणे डॉकबुक या खूणसंचातून घेतलेली आहेत. संगणकविषयक पुस्तके व माहितीपुस्तिका यांसाठी हा संच १९९१ साली हॅल कॉम्प्युटर सिस्टिम्स आणि ओरायली प्रकाशन यांनी सुरू केला, पुढे तो ओएसिस या मानकसंस्थेकडे गेला, आणि नॉर्मन वॉल्श यांच्या दीर्घकाळच्या परिश्रमांनी तो स्थिरावला. त्यात परस्परसंदर्भासाठी असलेला एक्सरेफ हा घटक पूर्णपणे रिकामा असतो. त्याच्या पोटात एकही शब्द लिहायचा नसतो, केवळ लिंकएंड या गुणधर्मात लक्ष्याचे ओळखनाम द्यायचे असते. दस्तऐवजावर प्रक्रिया होताना शैलीपत्रक, म्हणजे घटकांचे दृश्य रूप ठरवणाऱ्या नियमांचा संच, त्या ओळखनामाचा घटक शोधते, तो प्रकरण आहे की आकृती हे पाहते, रांगेत त्याच्या आधी किती प्रकरणे किंवा आकृत्या आल्या हे मोजून क्रमांक ठरवते, शीर्षक उचलते, आणि त्या भाषेसाठी नेमून दिलेल्या साच्यात हे सर्व भरून ‘प्रकरण ७, गळतीची कारणे’ असा मजकूर तयार करते. मधे एक प्रकरण नवे घातले तर पुढच्या सर्व संदर्भांत ७ चे ८ आपोआप होतात, शीर्षक बदलले तर नवे शीर्षक येते, आणि लक्ष्य काढून टाकले तर प्रक्रिया दोष दाखवते. लेखकाला आपले शब्द वापरायचे असतील तेव्हा लिंक हा दुसरा घटक आहे, ज्याच्या पोटात तो हवे ते लिहू शकतो. परंतु स्वतःचे शब्द लिहिले की ते खरे ठेवण्याची जबाबदारीही स्वतःवर येते, कारण त्या शब्दांचा लक्ष्याच्या शीर्षकाशी मेळ आहे की नाही हे कोणतेही पार्सर सांगत नाही. ज्या घटकाला शीर्षकही नाही आणि क्रमांकही नाही, उदाहरणार्थ एखादा साधा परिच्छेद, त्याच्याकडे एक्सरेफने निर्देश केला तर शैलीपत्रकाकडे म्हणायला काहीच नसते. अशा वेळी यंत्राची तक्रार रास्त असते, कारण वाचकालाही त्या परिच्छेदाला हाक मारण्यासाठी नाव नसते.

छापील पानाचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो सोपा करून सांगणे अन्यायाचे होईल. पडद्यावर दुवा दाबता येतो. कागदावर ‘पृष्ठ ११२’ असे लिहिल्यावाचून वाचकाचा पाय पुढे पडत नाही. परंतु पृष्ठक्रमांक ओळी जुळवून पाने पाडल्यानंतरच कळतो, आणि पाने पाडण्यासाठी संदर्भाचा मजकूर किती लांब आहे हे आधी कळावे लागते. डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक या अक्षरजुळणी आज्ञावलीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात उभारलेल्या लाटेक प्रणालीने यावर दोन फेऱ्यांचा उपाय योजला : पहिल्या फेरीत प्रत्येक लक्ष्याचा क्रमांक व पान एका सहायक फाइलीत उतरवून ठेवायचे, आणि दुसऱ्या फेरीत ते वाचून जागच्या जागी भरायचे, पहिल्या फेरीत जेथे माहिती नसते तेथे दोन प्रश्नचिन्हे छापली जातात, जी घाईने छापलेल्या प्रबंधांत अजूनही अधूनमधून दिसतात. दोन फेऱ्या नेहमी पुरतातच असे नाही. ‘पुढील पानावर’ असे लिहिल्याने ओळ वाढून आकृती त्याच पानावर येणे, मग ‘याच पानावर’ असे लिहिल्याने ओळ घटून ती पुन्हा पुढच्या पानावर जाणे, आणि कितीही फेऱ्या केल्या तरी या दोहोंत स्थिरता न येणे, हा प्रसंग तत्त्वतः शक्य आहे आणि अनुभवी जुळारी त्याला ओळखतात. अशा वेळी मजकुरात एखादा शब्द बदलून तो तिढा सोडवावा लागतो.

एका दस्तऐवजाच्या सीमेबाहेर पाऊल पडताच ओळखनामाची हमी संपते, कारण त्याचे एकमेवपण त्या दस्तऐवजापुरतेच असते. स्थापना-पुस्तिकेतून देखभाल-पुस्तिकेतील प्रकरणाकडे निर्देश करायचा तर कोणता ग्रंथ आणि त्यातील कोणते ओळखनाम अशी दोन नावे द्यावी लागतात. डॉकबुकमधील ओलिंक हा घटक नेमके हेच करतो; त्यासाठी प्रत्येक ग्रंथातील लक्ष्यांची सूची प्रथम एका माहितीसंचात गोळा करावी लागते आणि दुसऱ्या ग्रंथाची प्रक्रिया ती सूची पाहून होते. ही व्यवस्था लावणे कष्टाचे आहे, म्हणून अनेक संस्था ती टाळून थेट संकेतस्थळाचा पत्ता मजकुरात लिहितात, आणि पुढच्या आवृत्तीत पत्ते बदलले की ग्रंथांमधले दुवे एकाएकी तुटतात. येथे जालाच्या, म्हणजे वर्ल्ड वाइड वेबच्या, स्वभावाचा विचार करणे भाग आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्न येथे मांडलेल्या योजनेतून जे जाल उभे राहिले, त्यात दुवा एकतर्फी ठेवला गेला. ज्याच्याकडे दुवा दिला त्याला त्याची वार्ता नसते आणि दुवा तुटला तरी जाल थांबत नाही. १९६५ साली हायपरटेक्स्ट हा शब्द रूढ करणारे टेड नेल्सन यांना हे कधीच पसंत पडले नाही, कारण त्यांच्या कल्पनेतील दुवे दोन्ही बाजूंनी ज्ञात आणि अतूट होते. तुटलेला दुवा सहन करण्याची तयारी ठेवल्यामुळेच जाल जगभर पसरू शकले, हे मान्य केले पाहिजे. परंतु दस्तऐवजलेखनात तीच सहनशीलता आणणे चूक आहे. जालावर लिहिणारे लाखो लोक एकमेकांना अनोळखी असतात, तर माहितीपुस्तिकेची दोन्ही टोके एकाच संस्थेच्या हातात असतात. म्हणून तुटका संदर्भ आढळताच ग्रंथाची निर्मिती थांबावी, केवळ इशारा देऊन ती पुढे जाऊ नये, असा आग्रह या ग्रंथात सर्वत्र धरलेला आहे.

मजकुराचा पुनर्वापर सुरू झाला की आणखी एक पेच उभा राहतो. आयबीएमने विकसित करून २००४ साली ओएसिसकडे सोपवलेल्या डिटा या खूणसंचात प्रकरणांऐवजी छोटे, स्वयंपूर्ण विषयलेख लिहिले जातात आणि एकच लेख अनेक पुस्तिकांत वापरला जातो. वीजपुरवठा तोडण्याची कृती एकदाच लिहून ती पाच पंपांच्या पाच पुस्तिकांत घेतली, तर त्या कृतीत ‘मोटारीची जोडणी’ या लेखाकडे दिलेला दुवा ज्या पुस्तिकेत तो लेखच नाही तेथे कोठे जाणार? यावर डिटाने दोन मार्ग दिले. एक म्हणजे दुवे लेखाच्या पोटातून काढून पुस्तिकेच्या आराखड्यात, संबंधतक्त्यात, ठेवायचे, जेणेकरून कोणते लेख कोणाशी संबंधित हे पुस्तिका ठरवते आणि लेख त्याविषयी मौन पाळतो. दुसरा, २०१० च्या १.२ आवृत्तीपासून आलेला, किल्लीचा मार्ग : लेखात फाइलीचे नाव न लिहिता एक किल्ली लिहायची आणि ती कोणत्या लेखाची हे प्रत्येक पुस्तिकेने आपापले सांगायचे. पहिल्या मार्गात युसेबियसच्या कोष्टकांचीच कल्पना, मजकुराबाहेर राहणाऱ्या संबंधांची, सोळा शतकांनी परतलेली दिसते. २००१ साली शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या एक्सलिंक या मानकातही अनेक टोकांचे, मजकुराबाहेर ठेवलेले विस्तारित दुवे होते. ते फारसे वापरात आले नाहीत, आणि डॉकबुकच्या पाचव्या आवृत्तीने त्यातील साध्या दुव्याची पद्धत तेवढी मुख्यत्वे आत्मसात केली. मोठ्या संदर्भसंग्रहांसाठी मजकुराबाहेरचे दुवेच अखेर टिकाऊ ठरतात, असे या ग्रंथाचे मत आहे, जरी लेखकाला ते लिहिताना समोर दिसत नसल्यामुळे सुरुवातीला ते परके वाटत असले तरी.

ओळखनामे कशी ठेवावीत या प्रश्नाला या ग्रंथात बरीच जागा दिली आहे, आणि ती अस्थानी वाटू नये. ओळखनामात प्रकरणाचा क्रमांक घालणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक सवय आहे, कारण त्यामुळे ओळखीपासून वेगळे केलेले ठिकाण मागच्या दाराने पुन्हा आत येते. तिसरे प्रकरण पाचवे झाल्यावर त्याचे नाव ‘प्रकरण-तीन’ राहिले तर वाचणारा गोंधळतो आणि बदलले तर सर्व निर्देश मोडतात. शीर्षक जसेच्या तसे ओळखनाम म्हणून वापरणेही तितकेच अस्थिर, कारण शीर्षके संपादनात बदलतातच. ओळखनाम न देणे तर आणखी वाईट आहे : मग शैलीपत्रक स्वतः एक तात्पुरते नाव तयार करते, आणि ते नाव पुढच्या प्रक्रियेत तेच राहील याची खात्री नसते. हे विशेष लक्षात घ्यावे लागते, कारण ग्रंथ जालावर तुकड्यातुकड्यांनी प्रसिद्ध करताना ओळखनामांचीच फाइलींची नावे करण्याची सोय शैलीपत्रकांत असते. ती वापरली की ओळखनाम हा जाहीर पत्ता बनतो, अनोळखी वाचक तो जतन करून ठेवतात, आणि तो बदलण्याचा अधिकार लेखकाच्या हातून जवळजवळ निघून जातो. वगळलेल्या भागाचे ओळखनाम नव्या भागाला कधीही देऊ नये. रिकाम्या ठेवलेल्या अनुच्छेद ३१ ची शिस्त येथेही पाळावी.

यंत्राची तपासणी कितीही काटेकोर असली तरी ती लक्ष्याचे अस्तित्वच तपासते, योग्यता तपासू शकत नाही. ‘वीजपुरवठा तोडण्याची कृती पाहा’ या निर्देशाने वाचक वीजपुरवठा जोडण्याच्या कृतीकडे गेला, तरी ओळखनाम अस्तित्वात असल्यामुळे पार्सर समाधानी राहील. संदर्भ कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये हा निर्णयही लेखकाचाच आहे. जिवाला धोका असलेल्या कृतीतील इशारा दुव्यापलीकडे ठेवणे अक्षम्य आहे. तो प्रत्येक ठिकाणी पूर्ण लिहावा, पुनरुक्ती झाली तरी चालेल, कारण हातात पाना घेऊन यंत्रापुढे उभा असलेला माणूस दुसरे पान उघडेलच असे गृहीत धरण्याचा कोणालाही हक्क नाही. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ आणि ‘खालील आकृतीत’ हे मराठी गद्याला सवयीचे शब्दप्रयोगही या लेखनात टाळावे लागतात, कारण आकृती पानाच्या जागेनुसार सरकते आणि वर लिहिलेला भाग पडद्यावर वेगळ्याच पानात जाऊन बसलेला असतो. तसेच प्रत्येक पारिभाषिक शब्दाला शब्दसंग्रहाचा दुवा जोडण्याचा मोह आवरावा. एका परिच्छेदात त्या शब्दाच्या पहिल्या उल्लेखाला दुवा दिला म्हणजे पुरे.

मराठीतून असे लेखन करणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण येते, जिचा विचार या साधनांच्या मूळ कर्त्यांना करावा लागला नव्हता. यंत्राने तयार केलेला संदर्भमजकूर नेहमी प्रथमेत असतो आणि वाक्याला तो सप्तमीत किंवा शब्दयोगी अव्ययासह हवा असतो. ‘तक्ता ५’ याला ‘मध्ये’ जोडले तर आकडा मधे आल्यामुळे सामान्यरूपाचा प्रश्न झाकला जातो. पण ‘गळतीची कारणे’ असे नुसते शीर्षक आले आणि लेखकाने पुढे ‘मध्ये’ लिहिले, तर वाक्य बिघडते. गळतीच्या कारणांत असे रूप यंत्राने आपोआप करावे ही अपेक्षा अवास्तव आहे. त्याहून साधा उपाय भाषेतच आहे : ‘‘गळतीची कारणे’ या प्रकरणात’ अशी रचना केली की शीर्षक अविकारी राहते, आणि ‘या’ हे दर्शक विशेषण सामान्यरूपात तिन्ही लिंगांना सारखेच चालत असल्यामुळे विभाग, आकृती, प्रकरण यांपैकी लक्ष्य काहीही असले तरी साचा बदलावा लागत नाही. त्यासाठी शैलीपत्रकाच्या मराठी साच्यात प्रत्येक घटकप्रकाराची दोन रूपे नोंदवावीत : विभाग आणि विभागात, तक्ता आणि तक्त्यात, आकृती आणि आकृतीत. मात्र ‘मागचा’, ‘पुढची’, ‘आधीचे’ अशी विशेषणे संदर्भापूर्वी हाताने लिहू नयेत, कारण विभागाचे प्रकरणात रूपांतर झाले की यंत्र नाम बदलते आणि विशेषणाचे लिंग मागे राहते. ही अडचण मराठीची एकटीची नाही. हंगेरियन भाषेत निश्चित उपपदाचे रूप पुढच्या शब्दाच्या पहिल्या ध्वनीवर ठरते, म्हणून संदर्भातील आकडा उच्चारताना स्वराने सुरू होतो की व्यंजनाने हे यंत्राला कळावे लागते, आणि लाटेकच्या हंगेरियन साहाय्यक संचात त्यासाठी खास आज्ञा लिहिलेल्या आहेत. टेक्सइन्फो या ग्नू प्रकल्पाच्या प्रणालीत संदर्भासाठी तीन वेगळ्या आज्ञा आहेत. त्यांतील एक वाक्याच्या आरंभीच्या मोठ्या अक्षराच्या ‘पाहा’साठी, एक कंसातील लहान अक्षराच्या ‘पाहा’साठी आणि एक क्रियापदावाचून नुसत्या संदर्भासाठी. क्रियापद शेवटी येणाऱ्या आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसलेल्या मराठीला यांपैकी तिसरीच तेवढी उपयोगाची.

ओळखनामे देवनागरीत ठेवावीत काय, हा प्रश्न वरवर अभिमानाचा वाटतो, पण तो मुळात संकेतांकनाचा आहे. एक्सएमएलने पहिल्यापासून नावांत देवनागरी अक्षरांना मुभा दिलेली आहे, त्यामुळे ‘गळती-कारणे’ हे ओळखनाम पूर्णपणे वैध ठरते. तथापि पार्सर दोन नावे जुळतात की नाही हे डोळ्यांना दिसणाऱ्या आकारावरून ठरवत नाही, तर त्यामागील सांकेतिक क्रमांकांवरून ठरवते. मराठीतील ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका स्वतंत्र क्रमांकाने लिहिता येते किंवा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येते. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ यांतील जोडाक्षर तर र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून तिसऱ्याही प्रकारे उमटते. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात, आणि तरीही एका लेखकाने दिलेले ओळखनाम दुसऱ्याच्या निर्देशाशी जुळत नाही. पहिल्या दोन रूपांना युनिकोडच्या सामान्यीकरणाने एकरूप करता येते, तिसऱ्याला नाही. शिवाय असे ओळखनाम जालपत्त्यात गेले की प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरे होतात, आणि ‘प्रकरण’ एवढा लहान शब्दही पत्त्याची नक्कल करताना चोपन्न अक्षरांचा झालेला दिसतो. म्हणून प्रस्तुत ग्रंथात ओळखनामे लहान रोमन अक्षरांत ठेवण्याची पद्धत सुचवली आहे, आणि ज्यांना ती देवनागरीतच हवी असतील त्यांनी सर्व लेखकांसाठी एकच टंकलेखन-पद्धत ठरवून, दर प्रक्रियेपूर्वी सर्व फाइलींचे सामान्यीकरण करून, अदृश्य जोडचिन्ह असलेले प्रत्येक ओळखनाम तपासणीत नाकारावे असे सुचवले आहे.